दुसऱ्या हाफातला शालिक

मॅच सुरू होण्याआधी शालिक मांढरे मैदानाला एक पूर्ण फेरी मारायचा. पळत नव्हे, चालत. प्रत्येक कोपऱ्यातल्या झेंड्याचा बांबू हाताने धरून पाहायचा, गोलपोस्टच्या खांबाला तळवा लावायचा, मग गोलकडे पाठ करून पावलं मोजत यायचा. बाकीचे दहा जण तोवर बूट बांधत, एकमेकांची थट्टा करत बसलेले असायचे. कडेला बसलेल्या लोकांतून कुणीतरी ओरडायचं, "निघाला नवरदेव मारोतीच्या दर्शनाले!" आणि हशा व्हायचा. शालिक तिकडे पाहायचा नाही. तो लोकांकडे पाहतच नाही, ही त्याच्याविरुद्धची पहिली तक्रार होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा राजुऱ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचो, आणि हिवाळ्यात तहसील कचेरीमागच्या मैदानावर फुटबॉलची टूर्नामेंट भरली की माइकवर बोलायचो. आमच्या भागात फुटबॉल कोळसा खाणींच्या वसाहतींमधून आला आणि मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्त्यांनी तो जिवापाड वाढवला. आमच्या गावाची टीम त्या मानाने साधारण. तिला वेगळं नावही नव्हतं, सगळे नुसतं 'टाऊन टीम' म्हणायचे. पण तिच्यात शालिक होता, म्हणून वरोऱ्यापासून आष्टीपर्यंतच्या टीमा आम्हाला वचकून असायच्या.

शालिक मूळचा वर्धा नदीकाठच्या एका खेड्यातला, ढीवराच्या घरचा. बाप डोंग्यातून जाळं टाकायचा. हा राजुऱ्यात बहिणीकडे राहून आरामशिनीवर लाकडं ओढायला जायचा. अंगाने काटक, रंगाने काळा, पायाची बोटं फाकलेली. नदीच्या वाळूत खेळून तो तयार झाला होता. वाळूत बॉल उसळत नाही, लोळतो. त्यामुळे बॉल पायापासून वीतभरही दूर न जाऊ देता पळायची सवय त्याला लागली होती. उजव्या बाजूने तो बॉल घेऊन निघाला की समोरच्या बॅकचे पाय कुठेतरी भलतीकडेच असायचे. मी माइकवर "शालिक… शालिक… शालिक…" एवढंच म्हणत राहायचो. त्याच्या खेळावर दुसरं काही बोलायला वेळच मिळायचा नाही.

हे सगळं पहिल्या हाफात.

दुसऱ्या हाफात तोच माणूस उजव्या रेषेजवळ उभा दिसायचा. बॉल आला तर आला. उंच बॉल डोक्यावरून जायचा आणि हा मान वळवून तो गेल्यावर बघायचा. कधी अचानक पळायचा, तेही उलट्या दिशेला. सतत मान फिरवत राहायचा, दाणे टिपणाऱ्या कोंबड्यासारखी, म्हणून पोरांनी त्याचं नाव 'कोंबडा' पाडलं होतं. आणि ओरडायचा. "आवाज दे बे! आवाज देत जा!" बरोबरच्या खेळाडूंवर तो सारखा खेकसायचा. ते वैतागायचे. स्वतः पळायचं नाही आणि दुसऱ्यांना हुकूम सोडायचे, हे कुणाला आवडेल? कॅप्टनने एकदा विचारलं तर म्हणाला, "जे करायचं ते पह्यल्या हाफातच करून टाकत जा ना गा. दुसऱ्या हाफाची वाट कायले पाह्यता?" हे वाक्य गावभर झालं. कुणी काम उद्यावर ढकललं की लोक म्हणायचे, "पह्यल्या हाफातच करून टाक."

मैदानाच्या कोपऱ्यावर गफूरचाचांचं शिलाईचं दुकान होतं. टीमचे निळे शर्ट तेच शिवायचे. दुकानासमोरच्या फळीवर संध्याकाळी आमची बैठक भरायची, आणि विषय बहुतेक शालिकच असायचा. शेजारच्या पानठेल्याचे बंडूभाऊ हे त्याचे सगळ्यात मोठे टीकाकार. बंडूभाऊ तरुणपणी गोलकीपर होते. टीम हरली की दोन दिवस त्यांना जेवण जायचं नाही, हे त्यांच्या घरचेच सांगायचे.

"त्याच्या पायात देवानं देल्लं," बंडूभाऊ सुपारी कातरत म्हणायचे, "पण छातीत काई देल्लं नाई. टीमसाठी जीव पाह्यजे, जीव! हा तर पाहुण्यासारका उभा राह्यते."

गफूरचाचा मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "पाहुणा दो गोल करके जाता है, बंडू. तुम घरवाले थे तो कितने खाये, गिनके बताऊं?"

"गोलची गोष्ट नाई चाचा. नियतीची आहे."

"नियत तू कब से नापने लगा? वो तो मेरा काम भी नहीं. मैं छाती नापता हूं, बस."

मला दोघांचंही पटायचं. मी मास्तर माणूस, दोन्ही बाजू मांडायची सवय. पण खरं सांगायचं तर मनातून मी बंडूभाऊंकडे झुकलेला होतो. शालिकचं वागणं मला खटकायचं. मॅच संपल्याची शिट्टी वाजली की हा माणूस हात मिळवायला, चहाला, कशालाच थांबत नसे. जिंको की हरो, सरळ गफूरचाचांच्या दुकानात जायचा, आणि चाचा दुकान बंद करून त्याला सायकलवर डबलसीट घेऊन बहिणीच्या घरी सोडायचे. जिंकल्यावर टीमचा सत्कार असला तर हा नाही. मिरवणुकीत हा नाही. "मोठा माणूस आहे तो," लोक म्हणायचे, "त्याले ड्रायव्हर लागते."

एका वर्षी बक्षीस द्यायला एक बडे पाहुणे आले होते. त्या दिवशी बक्षीस समारंभ मॅचच्या आधी होता, मागच्या वर्षीच्या उत्तम खेळाडूचा. मी माइकवरून शालिकचं नाव पुकारलं. तो आला. पाहुण्यांनी हसून हात पुढे केला. शालिक त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, आणि पुढे आलेल्या हाताकडे ढुंकूनही न पाहता, मान थोडी झुकवून, वळून निघून गेला. पाहुण्यांचा हात तसाच हवेत. मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली, पण कान तापले होते माझे. संध्याकाळी फळीवर बंडूभाऊ म्हणाले, "पाह्यलं? आता तरी पाह्यलं?" चाचा त्या दिवशी नुसते काज शिवत राहिले.

त्याच सुमाराला खाणीच्या टीमचे एक साहेब त्याचा खेळ बघून गेले. त्यांनी निरोप पाठवला, आमच्याकडून खेळ, खाणीत कायमची नोकरी लावून देतो. ढीवराच्या, लाकडं ओढणाऱ्या पोराला खाणीत कायमची नोकरी! गावात अर्ध्यांना आनंद झाला, अर्ध्यांना राग आला. आपला माणूस दुसऱ्या टीमकडे चालला म्हणून बंडूभाऊंनी दोन दिवस त्याला पान दिलं नाही. ठरलेल्या दिवशी शालिक मेडिकल तपासणीसाठी गेला. बरोबर गेलेल्या एकाने येऊन सांगितलं ते असं, की शालिक दवाखान्याच्या दारापर्यंत आला, नाव पुकारलं गेलं, तेव्हा समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसला. दोनदा नाव पुकारलं. हा उठलाच नाही. मग पायी निघाला आणि बसस्टँडवर आला.

"खाणीत घाम गाळा लागते ना," बंडूभाऊ म्हणाले. त्यांचा राग आता उलट्या बाजूने होता. "आपल्याकडूनही मन लावून खेळाचं नाई, तिकडंही जाचं नाई. घमेंड आहे नुसती."

मला आठवतं, त्या वेळी मीही मान डोलावली होती.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात सेमीफायनलला मध्यंतर झालं आणि शालिक कॅप्टनला म्हणाला, "पायात गोळा आला. मले बसू दे." दुसऱ्याला उतरवलं, टीम कशीबशी जिंकली. पण मॅच चालू असतानाच लोकांनी शालिकला चाचांच्या दुकानाकडे जाताना पाहिलं, आणि तो लंगडत नव्हता. झालं. दुसऱ्या दिवशी आरामशिनीवर त्याला जो तो पायाचा गोळा विचारायला लागला. भर बाजारात एका म्हाताऱ्याने त्याच्या पिंढरीला काठी लावून विचारलं, "इथी होता का गोळा? का इथी?" शालिक हसला म्हणे. नंतर त्याने पुन्हा कधी बसू द्या म्हटलं नाही. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

आणि मग ती फायनल. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हिवाळा असेल. समोर मुलचेऱ्याकडची बंगाली पोरांची टीम. चपळ, शिस्तीची, पास देताना एकमेकांची नावंही न घेणारी. त्या मॅचच्या आधी महिनाभर गावात एक कुजबुज सुरू होती. शालिक तीनदा मुलचेऱ्याला जाऊन आला होता. कुणीतरी त्याला बसमध्ये पाहिलं होतं. बहिणीला विचारलं तर ती म्हणे, कामाला गेला. कसलं काम? आरामशिनीवर लाकडं ओढणाऱ्याचं मुलचेऱ्यात काय काम? बंडूभाऊंनी कुणाला सांगितलं नाही, पण त्यांना वाटत होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तो तिकडे मिळाला आहे.

मॅच उशिरा सुरू झाली. पाहुण्यांची गाडी आली नाही म्हणून अर्धा तास गेला. मी माइकवर लोकांना रमवत बसलो होतो, आणि मला दिसत होतं, शालिक रेषेजवळ उभा राहून सारखा पश्चिमेकडे बघत होता. कॅप्टनशी जाऊन काहीतरी बोलला. कॅप्टन त्याच्यावर ओरडला. मला ऐकू आलं नाही.

पहिल्या हाफात त्याने जो गोल केला तसा मी पुन्हा पाहिला नाही. तिघांना मागे टाकून, गोलकीपरच्या पायांतून. मैदान उभं राहिलं. बंडूभाऊ पानठेला उघडा टाकून आले होते, त्यांनी शेजारच्याला मिठी मारली.

दुसरा हाफ सुरू झाला तेव्हा सूर्य झाडांमागे गेला होता. मैदानावर धूळ, वर थंडीचा धूर. बंगाली पोरांनी बरोबरी केली. शेवटची दहा मिनिटं राहिली. आमच्या डाव्या बाजूच्या पोराने जिवाच्या आकांताने बॉल काढून थेट समोर टाकला. त्यांचा गोलकीपर पुढे निघून आलेला, गोल मोकळा, आणि बॉल लोळत लोळत शालिककडे. त्याच्या आसपास दहा पावलांत कुणी नव्हतं. नुसता पाय लावायचा होता.

शालिक उभा होता. हात बाजूला सोडलेले. मान इकडून तिकडे फिरत होती. बॉल त्याच्या डाव्या पायाजवळून, अगदी बुटाला घासून गेला आणि बाहेरच्या बाजूला त्यांच्या खेळाडूला मिळाला. तिथून त्यांनी तो तीन पासांत आमच्या गोलमध्ये नेला.

मैदान एक क्षण गप्प झालं. आणि त्या शांततेत माझा आवाज दोन्ही भोंग्यांतून घुमला. मी म्हणालो, "शालिकभाऊंना आज बॉल दिसत नाही वाटतं! अरे, गफूरचाचांचा चष्मा आणून द्या रे कुणीतरी!"

लोक हसले. अडीच-तीन हजार लोक असतील. त्या हसण्यात राग होता, आणि तो बाहेर पडायला मी वाट करून दिली. मग एका कोपऱ्यातून सुरू झालं, "आंधळा! आंधळा!" ते सगळ्या मैदानाने उचललं. टाळ्यांच्या ठेक्यात. शालिकने मान वर केली आणि भोंग्याच्या दिशेने तोंड करून उभा राहिला. मॅच संपेपर्यंत तो तसाच उभा होता.

शिट्टी वाजल्यावर पोरं त्याच्याकडे धावली. ढेकळं पडली. कुणीतरी त्याचा शर्ट ओढून फाडला. गफूरचाचा गर्दीत घुसले, त्याच्या खांद्याभोवती हात टाकून त्याला घेऊन गेले. सकाळी मैदानाच्या भिंतीवर कोळशाने हातभर अक्षरांत 'गद्दार' लिहिलेलं होतं. आठवड्याभरात शालिक गाव सोडून गेला. मुलचेऱ्याकडे गेला, असं कळलं.

"सांगतलं होतं ना मी?" बंडूभाऊ म्हणाले. पण त्यात जोर नव्हता. हरल्यापासून त्यांची तब्येत उतरली होती.

नंतरच्या उन्हाळ्यात मी शाळेच्या कार्यक्रमासाठी सदरा शिवायला गफूरचाचांकडे कापड घेऊन गेलो. चाचा म्हणाले, "बहुत काम है, मास्तर. दूसरी जगह दे दो." मागच्या खेपेलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, त्याच्या मागच्या खेपेलाही. दुकानात काम फारसं दिसत नव्हतं. मी निघालो तसं त्यांनी हाक मारली. हातातली सुई आणि धागा माझ्यापुढे धरला. "ओवून द्या. शाम झाली की मले दिसत नाई."

मी सुई ओवून दिली. चाचांनी ती हातात घेतली, पण शिवायला लागले नाहीत.

"चार साल पह्यले मी शालिकले अशीच सुई देल्ली होती," ते म्हणाले. "हीच वेळ. तरणा पोरगा, म्हटलं ओवून देईल. त्याच्यानं धागा सुईपर्यंत जाईच ना. दोनदा, चारदा. बोटातून खून आलं. मी म्हटलं, क्या हुआ रे? तो रडाले लागला. मास्तर, त्याले सूरज ढलल्यावर दिसत नव्हतं. बिलकुल नाई. आणि दिवसा सामनेचं दिसते, बाजूचं नाई, पायाजवळचं नाई. त्याच्या मामाले भी हेच होतं."

मी खाली फळीवर बसलो.

चाचांनीच त्याला नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा वाळत चालला आहे, याला औषध नाही. आज संध्याकाळ गेली, पुढे दुपारही जाईल. मुलचेऱ्याजवळच्या एका खेड्यात कुणी म्हातारा झाडपाल्याचा रस डोळ्यांत घालतो असं ऐकून शालिक तिकडे तीनदा गेला होता. ओळखीचं कुणी नव्हतं म्हणून तलावावर मासे मारणाऱ्या एका घरी उतरायचा. त्यांच्याच पोरीशी आता त्याचं लग्न ठरत होतं. पोरीला सगळं सांगितलं होतं.

"तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"त्यानं मले कसम घातली होती. आधी त्याले आस होती, खाणीत काही जुगाड होईल, आंखें कोई ठीकसे देखेगा नहीं. बाद में शरम. ढीवराचा पोरगा, त्याले गावानं फुटबॉलसाठीच तर ओळखलं. गाव म्हणेल घमेंडी, तर म्हणू दे. पर आंधळा म्हणू नये, असं म्हणे तो."

चाचांनी ओवलेली सुई कापडात टोचून ठेवली. मग चाचा म्हणाले, "मी तुमाले दोष देत नाई, मास्तर. तुमाले मालूम नव्हतं. पर मेरे हाथ से तुम्हारा कपडा अब सिया नहीं जाता."

मी हे बंडूभाऊंना सांगितलं. मला वाटलं होतं, ते मोडून पडतील. त्यांनी पानाला चुना लावायचा थांबवला आणि ते काताच्या भांड्याकडे पाहत राहिले. "मंग सांगतलं काऊन नाई त्यानं?" शेवटी म्हणाले. "आमी का त्याले खाल्लं असतं?" दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी पुन्हा मान हलवली. "तरी पण फायनलले त्यानं उतराले नोको होतं. बसाचं होतं. टीमचा विचार कराचा होता." आणि फळीवर वाद पुन्हा सुरू झाला. बसला असता तर चाललं असतं का? आदल्या वर्षी बसला तेव्हा काय केलं आपण? एकजण म्हणाला, दिसत नसताना एवढे गोल, दिसत असतं तर? बंडूभाऊ म्हणाले, दिसत असतं तर खाणीत गेला असता, आपल्याले काय फायदा? मी उठून घरी आलो. त्या हिवाळ्यात मी माइक हातात घेतला नाही. कुणी फारसं विचारलंही नाही, दुसरा माणूस मिळाला.

चाचांनी मला शालिकच्या नव्या गावाचं नाव सांगितलं होतं. "एकदा जाऊन भेटा," म्हणाले होते. मी गेलो नाही. एक वर्ष गेलं, मग तीन गेली. आज जाऊ, सुट्टीत जाऊ. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. आठ वर्षांनी दहावीच्या परीक्षेच्या कामावर माझी नेमणूक मुलचेऱ्याला झाली, तेव्हा टाळायला काही कारण उरलं नाही. एका रविवारी सकाळच्या बसने गेलो. कंडक्टर म्हणाला, हीच गाडी पुढून फिरून दुपारी येईल, त्यानंतर आज नाही.

तलावाच्या पाळीवर पानं झडलेली मोहाची झाडं होती. एका झाडाखाली तो बसला होता, मांडीवर जाळं पसरून. बोटं जाळ्यावरून सरकत होती. फाटलेला डोळा सापडला की थांबत, गाठ मारत, पुढे जात. केस पांढरे झाले होते, अंग तेच काटक. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने मान वर केली नाही. भर उन्हात माझी सावली त्याच्या हातांवर पडली होती आणि त्याला ते कळलं नव्हतं. बोलावं तर माझा आवाज ऐकू जाणार. दुसरं माझ्याकडे होतं तरी काय?

"शालिकभाऊ," मी म्हणालो.

बोटं थांबली. "मास्तर?" तो म्हणाला. मग बाजूची जागा हाताने चाचपडून, मोहाची फुलं सारून म्हणाला, "बसा ना. इथी बसा."

त्याची बायको यमुना पाण्याचा गडू घेऊन आली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि घरात गेली. थोड्या वेळाने बिनदुधाचा चहा घेऊन आली. शालिकने पहिला प्रश्न विचारला तो चाचांचा. मला सांगावं लागलं, चाचा आदल्या वर्षी गेले. त्याने हातातला कप खाली ठेवला. ठेवताना आधी बोटांनी जमीन पाहिली. "मले कोणी सांगतलं नाई," तो म्हणाला. "मी पायी आलो असतो."

मी घोकून आलेलं बोलायला सुरुवात केली. त्या दिवशी माइकवर मी जे बोललो… पुढे जमेना.

"तुमाले एक सांगू का मास्तर?" तो म्हणाला. "त्या दिवशी तुमीच एकटे खरं बोलले. तुमी म्हटलं ना, शालिकले बॉल दिसत नाई. मले वाटलं, झालं. सुटलो. समजलं सगळ्याईले. आता कोणी येईल, हात धरून मले भाईर नेईल." तो थांबला. "मंग लोक हासले."

तलावाचं पाणी वाऱ्याने हलत होतं.

"एक सांगा," तो म्हणाला. "तो गोल झाला कसा? मायाजवळून बॉल गेला तो कोणापाशी गेला? इथी मुलचेऱ्याचे पोट्टे भेटतात, पण त्याईले कसं विचारू? आठ वर्षं झाले. मी रोज येगळा येगळा करून पाहून राह्यलो डोक्यात."

मी सांगितलं. बॉल कुठून आला, कुणाच्या पायाला लागला, तीन पास कसे गेले, आमचा गोलकीपर कुठे पडला. माइकवर बोलायचो तसं नाही, हळू, एकेक पाऊल. तो मान तिरपी करून ऐकत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "डाव्या पायाजवळून? मी उजव्या बाजूले आयकलं होतं." मग बऱ्याच वेळाने, "मंग पाय लावला असता तरी चुकलंच असतं."

मी सांगितलं, नाही, चुकलं नसतं. तो हसला. मी खोटं बोलतोय की खरं, हे त्याला कसं कळणार होतं?

मग हळूहळू तो खुलला. पहिल्या हाफातल्या गोलची आठवण काढली. तो मात्र त्याने पाहिलेला होता, अगदी शेवटचा पाहिलेला गोल. कोणता बॅक कुठे होता, कुणाचा बूट फाटका होता, सगळं सांगायला लागला. जाळं बाजूला सारून दोन्ही हातांनी जमिनीवर मैदान आखलं. मोहाची फुलं उचलून खेळाडू मांडायला लागला. एवढ्यात पाळीखालच्या रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. कंडक्टर दाराशी उभा राहून हात हलवत होता, घाई करत होता. मी उठलो. "येतो शालिकभाऊ," म्हणालो आणि पळत सुटलो. तेवढ्यात हॉर्न पुन्हा वाजला होता, लांबलचक; माझे शब्द त्यातच बुडाले असावेत.

बस सुटल्यावर मी खिडकीतून मागे पाहिलं. शालिक झाडाखाली तसाच बसला होता, मी बसलो होतो त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. हात हवेत होता, बोटांनी तो काहीतरी दाखवत होता. ओठ हलत होते. घरातून यमुना दारात आली होती आणि रस्त्याकडे, जाणाऱ्या बसकडे पाहत होती. मी कंडक्टरला थांब म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. वळणापर्यंत तो मला दिसत राहिला, गोल सांगताना.